कधी चाललं ते सोडा, कसं चालतंय ते बघा

पुण्यात लहान मुलांच्या चालण्यावरून एक वाद कायम चालू असतो. सोसायटीच्या ग्रुपवर, बागेतल्या बाकावर, बारशाच्या पंगतीत, कुठेही. कोणीतरी काळजीने विचारतं की आमचं १६ महिन्यांचं झालं, अजून सुटं चालत नाही, काय करू, आणि लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते काही होत नाही गं, आमचा तर दीड वर्षाचा होईपर्यंत ढुंगणावर सरकत होता, आता राजगड चढतो. दुसरी म्हणते अजिबात थांबू नका, उद्याच्या उद्या न्यूरोलॉजिस्ट गाठा, आमच्या ऑफिसमधल्या एकाच्या मुलाचं असंच काहीतरी निघालं होतं. पहिली पार्टी दुसरीला घाबरट म्हणते, दुसरी पहिलीला अडाणी म्हणते, आणि जिने प्रश्न विचारला ती बिचारी रात्री दीड वाजेपर्यंत मोबाईलवर वाचत बसते. मग थोड्या दिवसांत पोरगं एकदाचं चालायला लागतं (बहुतेक वेळा लागतंच) आणि पहिली पार्टी जिंकली असं धरून विषय बंद.

माझं म्हणणं असं आहे की दोन्ही पार्ट्या चुकीच्या गोष्टीवर भांडतायत. दोघींचा सगळा जोर महिन्यांवर, म्हणजे १२ झाले का १५ झाले का १८ झाले. पण चालण्यामागे जे खरोखर गंभीर आजार लपलेले असतात त्यातले बरेचसे महिन्यांच्या हिशोबात सापडतच नाहीत. मूल कसं चालतं, दोन्ही पाय सारखे पडतात का, जमिनीवरून उठताना काय करतं, आणि काल येत होतं ते आज येतंय का, हे बघायला लागतं. आणि ते बघायला एमआरआय लागत नाही, मुलाचे कपडे काढून पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं आपल्याकडे कोणीच देत नाही, घरचेही नाही आणि बऱ्याचदा डॉक्टरही नाही, हा खरा प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही, पण घरात एक फिजिओथेरपिस्ट आहे आणि जेवताना हेच विषय निघतात, त्यामुळे ऐकून ऐकून डोकं तापलंय म्हणून लिहिते.

आधी "काही होत नाही गं" पार्टीचं जे बरोबर आहे ते मान्य करू, कारण त्यांचं बरंच बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास केला होता, त्यात भारतही होता, २००६ मध्ये आकडे आले. सुटं चालणं साधारण ८ महिन्यांपासून ते साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही सुरू होतं, आणि हे सगळं नॉर्मल. काही मुलं तर हातागुडघ्यांवर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. दोन वर्षांपर्यंत पाय बाहेरून फेंगडे दिसतात, मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी उलट गुडघे एकमेकांना घासायला लागतात, मग आपोआप सरळ होतात. लहान मुलांचे तळपाय सपाट असतात. रात्री दोन्ही पाय दुखतात म्हणून रडणारं आणि सकाळी उठून टणाटणा उड्या मारणारं पाच वर्षांचं मूल बहुतेक वेळा ठणठणीत असतं. सर्दी-खोकल्यानंतर आठवडाभर लंगडणारं मूलही बरेचदा खुब्याच्या सांध्याला आलेल्या साध्या सुजेचं असतं आणि विश्रांतीने बरं होतं. या सगळ्यांना टेस्ट लिहून देणं म्हणजे पैशाचा चुराडा आणि आईबापांच्या जिवाला घोर.

आणि अति इलाजाचा इतिहासही काही लांबचा नाही. सपाट तळव्याच्या मुलांना वर्षानुवर्षं जड बूट, आतल्या गाद्या, पट्ट्या असं काय काय घालायला लावत. १९८९ मध्ये अमेरिकेत नीट तुलना करून बघितलं तेव्हा बूट घातलेल्या आणि न घातलेल्या मुलांच्या पायांत फरक निघाला नाही, म्हणजे पाय सुधारत होते ते वयाने आणि क्रेडिट जात होतं बुटाला. आज आपल्याकडेही मशीनवर उभं करून तळव्याचा रंगीत फोटो काढायचा आणि महागाचं इनसोल गळ्यात मारायचं हे चालूच आहे की. तेव्हा दुसऱ्या पार्टीने घाबरवलेल्या आईबापांवर एक अख्खं दुकान चालतं, हा आरोप मला शंभर टक्के मान्य आहे.

पण मग यातून "वाट बघा" हा निष्कर्ष कसा निघतो? वाट बघणं वाईट नाहीच, न तपासता वाट बघणं वाईट. या दोन्ही गोष्टींना आपण एकाच पोत्यात भरतो.

आता महिन्यांचा हिशोब कुठे फसतो ते बघा. जन्मतः खुबा सांध्यातून सरकलेला असणं, डॉक्टरी भाषेत डीडीएच, हा मुलींमध्ये जास्त सापडणारा प्रकार. पायाळू जन्मलेली मुलं, पहिलं अपत्य, घरात कोणाला आधी असलेलं, यांच्यात धोका आणखी वाढतो. ही मुलगी कधी चालते? जवळजवळ वेळेवर चालते. थोडं मागेपुढे, पण १८ महिन्यांच्या आत बहुतेक जणी चालतात. आणि दुखत अजिबात नाही. म्हणजे तुमच्या महिन्यांच्या परीक्षेत ही पोरगी पास. फक्त ती एका बाजूला झुकत चालते, आणि दोन्ही खुबे सरकलेले असले तर बदकासारखी डुलत. आमच्या नात्यातल्या एका मुलीला घरात सगळे कौतुकाने "बघा कशी ठुमकत चालते" म्हणायचे, तिच्या ठुमकण्याचे व्हिडिओ सगळ्या काकवांना गेले होते. कळलं तेव्हा अडीच वर्षांची होती. लसीकरणाला नेमाने जात होती, वजन-उंचीचा तक्ता अगदी बरोबर होता, पण तिला एकदाही कोणी उताणी झोपवून मांड्या फाकवून बघितलं नव्हतं. सहा महिन्यांच्या आत कळलं तर पाव्लिक हार्नेस नावाच्या पट्ट्यांवर भागतं, पोर पट्ट्यांमध्ये हसत-खेळत असतं आणि काही आठवड्यांत सांधा बसतो. चालायला लागल्यावर कळलं की भूल, ऑपरेशन, हाड कापून वळवणं, कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर. आजार तोच, फरक फक्त कळण्याच्या तारखेचा. आणि हे तपासण्याच्या पद्धती काही नव्या नाहीत हो, ऑर्तोलानी नावाच्या इटलीतल्या बालरोगतज्ज्ञाने १९३७ मध्ये ती हाताची तपासणी सांगितली, बार्लोने १९६२ मध्ये दुसरी. दोन्ही फुकट.

इथे थोडं विषय सोडून, पण सांगायलाच हवं. तान्ह्या बाळाला दुपट्यात पाय सरळ करून घट्ट गुंडाळायची आपल्याकडे पद्धत आहे, पाय सरळ राहावेत म्हणून. खुब्यासाठी ते नेमकं उलट आहे. जपानमध्ये १९७५ च्या सुमाराला मोहीमच काढली की बाळाचे पाय सरळ ताणून बांधू नका, मोकळे वाकलेले राहू द्या, आणि तिथलं खुबा सरकण्याचं प्रमाण खूपच खाली आलं. उलट आपण बाळाला कडेवर घेतो, दोन्ही बाजूंना पाय टाकून, ते खुब्याला चांगलं. म्हणजे आज्यांचं एक बरोबर आणि एक चूक, परंपरा अख्खी डोक्यावर घेण्यात अर्थ नाही आणि अख्खी फेकण्यातही नाही. आणि मालिशवाल्या मावशी! रोज सकाळी बाळाचे दोन्ही पाय ज्यांच्या हातात असतात, त्यांच्याइतकं बाळाच्या खुब्याबद्दल कोणाला कळणार? एक पाय दुसऱ्याइतका उघडत नाही, मांडीवरच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या नाहीत, एक पाय आखूड वाटतो, हे त्यांच्या हाताला आधी कळत असणार. त्यांना कोणी सांगितलंय का की असं वाटलं तर जोर लावून उघडू नका, आईला सांगा?

मुलींच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे जी कोणी बोलत नाही. मुलगी थोडी लचकत चालते हे लक्षात आलं तरी घरात दाबलं जातं, बभ्रा नको, पुढे लग्नाचं बघायचंय. दोन वर्षांच्या पोरीच्या लग्नाची काळजी! आणि त्या काळजीपोटी जे लवकर बरं होणार होतं ते कायमचं लंगडणं होतं.

दुसरा फसवा भाग म्हणजे स्नायूंचे आजार. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा मुलग्यांना होणारा आजार, साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला. यातली कितीतरी मुलं वेळेवर किंवा किंचित उशिरा चालतात. मग दोन-तीन वर्षांनी सारखी पडतात, जिना चढताना कठड्याला लोंबकळतात, पळताना मागे राहतात, आणि जमिनीवरून उठताना आधी ओणवी होतात मग स्वतःच्याच गुडघ्यांवर, मांड्यांवर हात रोवत रोवत वर येतात. गावर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८७९ मध्ये हे उठणं वर्णन करून ठेवलंय. पोटऱ्या मात्र चांगल्या भरलेल्या दिसतात, म्हणून आजोबा म्हणतात पैलवान होणार. शाळेत आळशी म्हणतात. कधी तर रक्ततपासणीत एसजीओटी-एसजीपीटी वाढलेले सापडतात आणि मुलगा कित्येक महिने लिव्हरचा पेशंट म्हणून फिरतो, कारण ही एन्झाइम्स स्नायूंतूनही येतात हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. सीपीके नावाची साधी रक्ताची टेस्ट आहे, या आजारात ती हजारांमध्ये जाते. १८ महिन्यांपर्यंत न चाललेल्या प्रत्येक मुलग्याची ही एक टेस्ट करावी एवढंच म्हणणं आहे. अमेरिकेतसुद्धा घरच्यांना पहिली शंका येण्यापासून पक्कं निदान होईपर्यंत दोन-अडीच वर्षं गेल्याचं तिथल्या अभ्यासात दिसलंय, तर आपलं काय सांगायचं.

यावर सगळ्यात जोरदार आक्षेप येतो, आणि तो मूर्खपणाचा नाही. ड्यूशेनला बरं करणारा इलाज नाही, मग दोन वर्षं आधी कळून काय मिळालं, त्या आईबापांची दोन वर्षं सुखात गेली असती तीही गेली. हा युक्तिवाद ऐकला की मी जरा वेळ गप्प होते, कारण त्यात माया आहे. पण एक, स्टेरॉइड वेळेवर सुरू केली तर मूल आणखी काही वर्षं स्वतःच्या पायावर चालतं, हृदय आणि फुफ्फुसांकडे आधीपासून लक्ष देता येतं. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, साधारण दोन तृतीयांश केसेसमध्ये हा जीन आईकडून आलेला असतो. पहिला मुलगा चार वर्षांचा होऊन निदान होईपर्यंत दुसरा पाळण्यात आलेला असतो आणि त्यालाही तेच असू शकतं. त्या आईला आधी कळण्याचा हक्क नव्हता? तिच्या बहिणीला? "दोन वर्षं सुखात" हा हिशोब नेमका कोणाच्या सुखाचा धरलाय? तीच गोष्ट एसएमएची, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुबळे करत नेणाऱ्या आनुवंशिक आजाराची. १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी पुण्या-मुंबईत लोकांनी पैसे जमवले ते सगळ्यांना आठवतं, आपण सगळ्यांनी ते मेसेज फॉरवर्ड केले. पण त्या औषधांचा परिणाम जितक्या लवकर द्याल तितका चांगला, लक्षणं दिसायच्या आधी दिलं तर सर्वांत चांगला, हे त्या फॉरवर्डमध्ये नसायचं.

मेंदूचंही असंच. सेरेब्रल पाल्सी म्हणलं की लोकांच्या डोळ्यासमोर व्हीलचेअर येते, पण सौम्य प्रकारात मूल फक्त एका पायाच्या चवड्यावर चालतं किंवा एकच हात वापरतं. नऊ महिन्यांचं बाळ सगळं डाव्याच हाताने उचलतंय म्हणून घरात आनंद, आजोबांसारखा डावखुरा! अहो, इतक्या लहान वयात हात ठरत नसतो, वर्षाच्या आत एकच हात चालत असेल तर दुसऱ्या हाताला काय झालंय ते बघायचं असतं. ज्या बाळाचा जन्म अवघड झाला, कमी दिवसांचं होतं, काचेच्या पेटीत होतं, त्याला तर चालायची वाट न बघता सहाव्या महिन्याच्या आतबाहेरच व्यायाम सुरू करता येतात.

आणि मग ती मुलं, जी मस्त चालत होती आणि थांबली. इथे तर महिन्यांचा वाद निव्वळ निरर्थक आहे. दोन वर्षांचं पोर तापाने फणफणलंय आणि एक पाय जमिनीला टेकवायलाच तयार नाही, हात लावला तरी किंचाळतंय, तर ते उद्या सकाळी बघू असं प्रकरण नसतं. सांध्यात पू झाला असेल तर कूर्चा भराभर खराब होते, त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं. बोस्टनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये यासाठी चार खुणा सांगितल्या, साडेअडतीस सेल्सिअसच्या वर ताप, पाय टेकवायला नकार, रक्तातला ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारा आकडा) ४० च्या वर आणि पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर. चारातल्या दोन खुणा आईला घरात बसून दिसतात, बाकीच्या दोन कुठल्याही गल्लीतल्या लॅबमध्ये. तरी आपल्याकडे आयोडेक्स चोळून, लचक भरलीय म्हणून पाय ओढून दोन दिवस घालवले जातात.

गुडघा दुखतो म्हणून गुडघ्याचे एक्स-रे काढत बसायचे आणि आजार खुब्यात, हाही नेहमीचा खेळ. खुब्याचं दुखणं मुलं गुडघ्यात सांगतात. चार ते आठ वर्षांच्या मुलग्यांत पर्थेस नावाचा आजार होतो, खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन तो झिजतो. हा आजार सह्याद्रीच्या पलीकडच्या किनारपट्टीवर, कर्नाटकातल्या उडुपी भागात बराच सापडतो असं तिथल्याच डॉक्टरांनी दाखवून दिलंय. रात्री दुखण्याने जाग येणारं, फिकट पडलेलं, कुठे न पडताही अंगावर निळे डाग येणारं लंगडतं मूल ल्युकेमियाचं असू शकतं, दोन ते पाच वर्षं हेच त्याचं वय, आणि सांधेदुखी समजून आधीच स्टेरॉइड दिलं तर खरा आजार काही काळ झाकला जातो. खाली पडलेली वस्तू उचलताना पाठ ताठ ठेवून नुसतं गुडघ्यात बसणारं मूल, त्याच्या मणक्यात टीबी असू शकतो, आपल्या देशात हा विसरायचा आजार नाही. सकाळी उठल्याबरोबर उलट्या आणि चालताना तोल जाणं, डोक्याचा फोटो काढायलाच हवा. कमरेच्या खाली मणक्यावर केसांचा झुपका किंवा खोल खळगा, आणि चालणं बिघडलंय, शू-शीचं कळेनासं झालंय, तर मणक्यातली नस बघायला हवी. ही यादी वाचून कोणाला भीती वाटली तर वाटू दे, पण यात बाळ किती महिन्यांनी चाललं हे कुठेच येत नाही, एवढं लक्षात घ्या.

"हे सगळे दुर्मिळ आजार आहेत, यासाठी एवढा गाजावाजा कशाला" असं कोणी म्हणालं की मला पोलिओची गोष्ट आठवते. एके काळी तज्ज्ञांचंच असं मत होतं की उष्ण देशांत पोलिओने लुळं होणारी मुलं फारशी नसतात, कारण तिथे तान्हेपणीच संसर्ग होऊन प्रतिकारशक्ती येते. मग १९७० च्या दशकात घानामध्ये लोकांनी एक साधी गोष्ट केली, गावोगाव शाळांत जाऊन लंगडणारी मुलं मोजली. आणि लक्षात आलं की पोलिओ तिथे भरपूर होता, फक्त कोणी बघितलं नव्हतं. पुढे भारतासकट बऱ्याच देशांत असे लंगडेपणाचे सर्व्हे झाले आणि लसीकरणाच्या बाजूने तेच सगळ्यात मोठं हत्यार ठरलं. दुर्मिळ म्हणजे खरंच कमी, का न मोजलेलं?

बरं, आपण मोजायचं ठरवलं की मोजतो, हेही सिद्ध झालंय. पोलिओसाठी या देशात जी यंत्रणा उभी राहिली तिच्यात १५ वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला तर कळवावं लागतं, १४ दिवसांच्या आत एक दिवसाच्या अंतराने शीचे दोन नमुने लॅबला जातात, ६० दिवसांनी परत जाऊन मूल तपासतात. नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा पेशंट २०११ च्या जानेवारीत, पश्चिम बंगालमधल्या हावड्याला, २०१४ च्या मार्चमध्ये पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट, तरी ही पाहणी आजही चालू आहे. म्हणजे अचानक लुळं पडणाऱ्या मुलामागे अख्खं सरकार धावतं, आणि हळूहळू लंगडं होणाऱ्या मुलामागे कोणीच नाही.

२०२५ च्या सुरुवातीला पुण्याने हे जवळून बघितलंय. सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम, ज्यात नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात) पेशंट सापडले, आकडा दोनशेच्या वर गेला, त्यात मुलंही होती. पंधरा दिवसांत पुण्यातल्या प्रत्येक रिक्षावाल्याला माहीत झालं होतं की पायात मुंग्या आल्या, पायातली ताकद गेली, जिना चढवेना तर हॉस्पिटल गाठायचं. पाणी उकळा, चिकन नीट शिजवा, टँकरचं पाणी, विहिरीचं पाणी, सगळं सगळ्यांना तोंडपाठ. कोणी म्हणालं का की हे दुर्मिळ आहे, उगाच घाबरवू नका? पायाकडे लक्ष द्यायला हे शहर पंधरा दिवसांत शिकतं, फक्त साथ यावी लागते. खुब्याची साथ येत नाही हो, स्नायूंचीही येत नाही, ती मुलं एकेक करून वेगवेगळ्या वाड्यांत, वेगवेगळ्या सोसायट्यांत असतात.

मुडदूस (डी व्हिटॅमिन कमी पडून हाडं मऊ होऊन वाकणं) मात्र साथीसारखाच म्हणता येईल, इतका तो आपल्या राहणीतून येतो. युरोपात कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या शहरांत पोरांचे पाय वाकायचे. एका पोलिश डॉक्टरने १८२२ मध्ये लिहून ठेवलं होतं की शहरातली मुलं मुडदुसाने आजारी आणि खेड्यातली ठणठणीत, कारण ऊन. ते पटायला शंभर वर्षं गेली. आपल्याकडे ऊन काय कमी आहे का, पण बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये काचेमागे बसलेल्या बाळाला उन्हातला उपयोगाचा भाग मिळत नाही, काच तो अडवते. आईच्या दुधात डी व्हिटॅमिन कमीच असतं म्हणून पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्या असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि दोन बाटल्या संपल्या की घरचे थेंब बंद करतात. मग दीड वर्षाचं मूल उभंच राहत नाही, मनगटं जाड, पाय वाकलेले, टाळू भरलेली नाही. उलट टोकाला मेडिकलवाल्याला विचारून ६०,००० युनिटचे डोस आठवड्यामागून आठवडे पाजणारेही आहेत, त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून मूल वेगळंच आजारी पडतं. आणि थेंब व्यवस्थित देऊनही पाय वाकत असतील तर फॉस्फेटचा आनुवंशिक आजार बघायला लागतो. तिथे "कॅल्शियम चालू करा, होईल बरं" हे उत्तर नसतं.

२०१९ च्या डिसेंबरात सूर्यग्रहणाच्या दिवशी कलबुर्गीजवळ आईबापांनी अपंग मुलांना मानेपर्यंत मातीत पुरल्याचे फोटो आले होते, बरी होतील म्हणून. आपण सगळे किती तुच्छतेने बोललो त्यांच्याबद्दल. पण वर्षभर निदान न करता "बळ येण्यासाठी" टॉनिक पाजणं, पोराला चाकाच्या वॉकरमध्ये तासन्‌तास अडकवणं (कॅनडाने हे वॉकर २००४ मध्ये बंदच केले, त्याने चालणं लवकर येत नाही, उलट पोरं जिन्यावरून पडतात) यात आणि मातीत पुरण्यात नेमका फरक काय, शिक्षणाचा? आपला पांगुळगाडा निदान पोर स्वतः उभं राहून ढकलत तरी होतं.

आता व्यवस्थेकडे. आपल्याकडे कार्यक्रम नाही असं नाहीये, उलट राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. खुबा, वाकडं पाऊल, मुडदूस, हालचालींतला उशीर सगळं त्याच्या यादीत आहे. गाड्या अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा जातात. पण बाणेर-वाकडच्या खाजगी नर्सरीत जाणारं मूल त्यात कुठेच नाही, महिन्याला हजारो रुपये फी भरून ते या जाळ्याच्या बाहेर. आणि वस्तीतल्या मुलांसाठी आशाताईंच्या घरभेटी ठरलेल्या आहेत त्या ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्याला. १५! म्हणजे चालण्याचा निकाल लागायच्या नेमक्या आधी शेवटची भेट.

डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे, ते म्हणतात ओपीडीत इतकी गर्दी असते की वजन, ताप, खोकला यातच वेळ जातो, आणि मूल डॉक्टरांना बघून रडत आईला चिकटतं, ते कसलं चालून दाखवतंय. दोन्ही खरं. त्याला घरातल्या मोबाईलचा उपयोग होतो, पोर नुसत्या चड्डीवर समोरून आणि मागून चालताना, आणि जमिनीवर बसलेलं उठताना, एवढे दोन छोटे व्हिडिओ काढून न्यायचे. आणि वेळेचं म्हणाल तर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सरकारी तक्त्यात आहेच, खाजगीतही त्याच सुमाराला बूस्टर असतो, बहुतेक सगळी मुलं तेव्हा दवाखान्यात येतात. महापालिकेच्या दवाखान्यांनी आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मिळून फक्त एवढं ठरवावं की त्या दिवशी प्रत्येक मूल डायपर काढून पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालेल आणि एकदा खाली बसून उठेल, नर्सताईंनी बघावं, कार्डवर टिक करावी, वेगळं वाटलं तर डॉक्टरांना हाक मारावी. नाहीतरी नंबर यायची वाट बघत सगळे त्याच पॅसेजमध्ये ताटकळत असतात. फक्त हे इंजेक्शनच्या आधी करा, नंतर नको, मांडीत सुई बसल्यावर बरीच पोरं दोन दिवस लंगडतच असतात.